महागडं बेटकास्टिंग रीळ घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटकास्टिंग रीळ म्हणजे मासे धरायच्या काठीवर (रॉडवर) बसणारं, दोरी गुंडाळायचं एक प्रकारचं यंत्र. त्यातलं ५ हजारांचं रीळ आणि ४५ हजारांचं रीळ शेजारी शेजारी ठेवलं, तर नवख्याला रंगापलीकडे फारसा फरक दिसत नाही. फरक आहे, आणि तो खरा आहे, पण तो प्रत्येकाच्या उपयोगाचा नाही. मी गेली १४ वर्षं गरवायला, म्हणजे मासे धरायला, जातो, त्यातली ९ वर्षं बेटकास्टरवर. या काळात ज्यांनी ज्यांनी रीळ घ्यायच्या आधी फोन केला, त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने हेच होते.

एका दमात सांगा, घ्यावं की नको?

वर्षातून दहा-बारा वेळाच पाण्यावर जाणं होत असेल, तर नको. १० ते २० हजारांच्या टप्प्यातलं चांगलं रीळ घ्या आणि उरलेले पैसे रॉडला, दोरीला आणि पेट्रोलला ठेवा. तुमचा अंगठा फेकताना दोरी आवरण्याइतका तयार झालेला असेल, दर आठवड्याला जाणं होत असेल किंवा ७ ग्रॅमच्या आतली हलकी लूअर (नकली आमिषं) फेकायची असतील, तर महाग रिळाचा विचार जरूर करा. तिथे तो पैसा हाताला जाणवतो.

महाग म्हणजे नेमकं कितीपासून?

भाव सतत वरखाली होतात, म्हणून टप्पे ढोबळच धरा. ५ हजारांच्या आतली रिळं शिकायला ठीक. शिमानोचं एसएलएक्स, क्युराडो, दाइवाचं टाटुला ही मधल्या फळीतली. शिमानोचं मेटॅनियम, अँटारेस, कॅलकटा काँक्वेस्ट आणि दाइवाचं स्टीझ ही वरच्या फळीतली. लोक खरं तर मधल्या आणि वरच्या फळीच्या मध्ये अडकतात. तळातलं सोडून मधलं घेण्यात उडी मोठी असते. मधलं सोडून वरचं घेण्यात पैसा दुप्पट-तिप्पट लागतो, उडी मात्र लहान असते.

मग जास्तीचा पैसा जातो कशात?

सगळ्यात आधी स्पूलमध्ये, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीत. स्पिनिंग रिळात लूअर उडताना स्पूल जागच्या जागी असतं आणि दोरी नुसती सुटत जाते. बेटकास्टरमध्ये लूअरने ओढलं की स्पूल स्वतः फिरायला लागतं. म्हणजे लूअरला आधी स्पूल जागं करावं लागतं. १५ ग्रॅमचा लूअर हे काम सहज करतो. ४ ग्रॅमच्या लूअरला जड स्पूल हलवताना नाकीनऊ येतात. म्हणून वरच्या फळीतल्या रिळांत स्पूलच्या भिंती पातळ केलेल्या असतात, भोकं पाडून ग्रॅमभर वजन उतरवलेलं असतं, आणि तरीही ते दोरीच्या दाबाखाली वाकत नाही. हलक्या लूअरसाठीची बीएफएस (बेट फिनेस) रिळं तर स्पूल १० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याच्याही खाली नेतात. हे काम स्वस्तात होत नाही.

दुसरं, सांगाडा आणि गिअर. स्वस्त रिळाचा सांगाडा ग्रॅफाइटचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचाच असतो. मोठा मासा खेचू लागला की तो किंचित पिळतो, गिअरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि हँडल फिरवताना खरखर जाणवते. अ‍ॅल्युमिनियमचा अखंड सांगाडा पिळत नाही. मेटॅनियमसारख्या रिळात मॅग्नेशियम असतं, त्यामुळे ते आणखी हलकं होतं. गिअरला बारीक आणि जास्त दात असले की फिरवणं लोण्यासारखं होतं. नव्या रिळांत हा फरक फार जाणवत नाही. दोन-तीन वर्षं वापरलेली रिळं हातात घेतलीत की लगेच कळतो. महाग रिळाची खरी किंमत तिसऱ्या वर्षी दिसते, असं मी म्हणतो ते याचमुळे.

या यंत्राची नाळ घड्याळजींशी जुळलेली आहे. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकीमध्ये जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने गिअरचं रीळ घडवलं, आणि त्या भागातल्या रिळांची पुढे मोठी परंपरा झाली. स्वीडनमधली अबू कंपनी १९२१ साली सुरू झाली तीही घड्याळं आणि टॅक्सीमीटर बनवत, आणि तिच्या अँबेसेडर रिळांनी पुढे जगभर नाव कमावलं. चांगलं बेटकास्टर उघडून पाहिलंत तर हा वारसा दिसतो. केसाएवढी फट चुकली तरी चालत नाही, आणि पैसे त्या फटीचेच असतात.

खोक्यावर १२ बेअरिंग लिहिलंय. ७ वाल्यापेक्षा चांगलं ना?

नाही. स्पूलच्या दोन्ही बाजूंची बेअरिंग चांगली असली की अर्धी लढाई जिंकली. हँडलच्या मुठीत चार बेअरिंग घालून आकडा फुगवता येतो. आकड्याकडे पाहून रीळ घेऊ नका.

महाग रीळ घेतलं की दोरीचा गुंता होणार नाही ना?

होईल. मला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

गुंता होतो कसा? फेकल्यावर लूअर सुरुवातीला जोरात असतो, स्पूलही त्याच वेगाने पळतं. मग हवेमुळे लूअर मंदावतो. स्पूलला हे कळत नाही, ते आपल्याच नादात फिरत राहतं. लूअर जेवढी दोरी नेतोय त्यापेक्षा जास्त सुटते, ती स्पूलवरच फुगते आणि क्षणात लोकरीचा गुंडा तयार होतो. लूअर पाण्यात पडला आणि स्पूल फिरतच राहिलं, तरी तेच.

यावर ब्रेक असतात. सेंट्रिफ्युगल ब्रेकमध्ये वेगामुळे बारीक गुटके बाहेर सरकून घासतात. वेग दुप्पट झाला की त्यांचा जोर चौपट होतो, म्हणून ते सुरुवातीला घट्ट धरतात आणि शेवटी जवळपास सोडून देतात. मॅग्नेटिक ब्रेकमध्ये काही घासत नाही. लोहचुंबकाच्या क्षेत्रात धातूचं स्पूल फिरलं की त्यात उलट प्रवाह तयार होतो आणि तोच त्याला मागे खेचतो, अगदी शेवटपर्यंत. महाग रिळात हे ब्रेक जास्त नेमके असतात. त्यामुळे गुंते कमी होतात, पण बंद होत नाहीत.

बंद करतो तो अंगठा. लूअर हवेत असताना अंगठा स्पूलवर पिसासारखा टेकलेला हवा. दोरी फुगायला लागली की अंगठ्याच्या पोटाला ती मऊ वाटते, डोळ्यांना दिसायच्या आधी. तेवढ्यात जरासं दाबायचं. लूअर पाण्याला टेकायच्या क्षणी पूर्ण दाबायचं. हे शिकवून येत नाही, फेकून फेकूनच येतं. घराजवळच्या मैदानात गळ काढलेला १५ ग्रॅमचा लूअर बांधा, ब्रेक जास्त ठेवा आणि रोज अर्धा तास फेका. दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. सुरुवातीला तंगूस (एकेरी नायलॉन दोरी) भरा, ब्रेड (विणलेली दोरी) नको. ब्रेडचा गुंता सुटता सुटत नाही आणि नवी दोरी महाग पडते.

आणि गुंता झालाच तर ओढाओढ करू नका. स्पूलवर अंगठा घट्ट दाबा. तसाच दाबून हँडल दोन-तीन फेरे फिरवा. मग थंब बार (स्पूल मोकळं करणारी कळ) दाबून दोरी हलक्या हाताने ओढा. दहातले सात-आठ गुंते असेच सुटतात.

मग डीसी रीळ? त्यात म्हणे कॉम्प्युटर असतो.

असतो. डीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल, शिमानोने हे तंत्र २००३ मध्ये कॅलकटा काँक्वेस्ट डीसीमध्ये आणलं. आतली छोटी चिप स्पूलचा वेग सेकंदाला हजार वेळा मोजते आणि ब्रेक कमीजास्त करते. बॅटरी लागत नाही, फिरणारं स्पूलच वीज तयार करतं. फेकताना जो शिट्टीसारखा आवाज येतो तो त्याचाच. पूर्वी हे फक्त महागड्या रिळांत होतं. २०१८ ची क्युराडो डीसी अमेरिकेत साधारण २५० डॉलरला आली आणि २०१९ ची एसएलएक्स डीसी साधारण १९० ला, त्यामुळे आता मधल्या फळीतही मिळतं.

समोरून वारा असताना, किंवा अंधारात जागा नीट दिसत नसताना डीसी फार कामाला येतं. खाडीच्या तोंडावर संध्याकाळी वारा सुटतो तेव्हा मी तेच काढतो. पण शिकण्यासाठी पहिलंच रीळ डीसी घेऊ नका, अंगठा आळशी राहतो. शिवाय चिप बिघडली तर घरी दुरुस्त होत नाही, हेही लक्षात असू द्या.

लूअर लांब जाईल ना?

थोडा. पातळ दोरी, लूअरच्या वजनाला जुळणारा रॉड आणि काठोकाठ न भरलेलं स्पूल यांनी जास्त फरक पडतो. बारीक ब्रेड हवी तेवढीच भरून पाहा, तुमचं आत्ताचंच रीळ सुधारल्यासारखं वाटेल. ब्रेडखाली तंगुसाचे काही वेढे द्यायला मात्र विसरू नका, नाहीतर मासा ओढायला लागल्यावर अख्खी दोरी स्पूलवरच घसरते.

मी मरळ धरतो. मला काय घ्यावं?

मरळेसाठी महाग रीळ म्हणजे पैसा वाया, असं माझं स्पष्ट मत आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर कमळाच्या पानांमध्ये बेडूक लूअर टाकायचा असतो. तो १० ते १५ ग्रॅमचा, म्हणजे स्पूलला हलवायला पुरेसा जड. दोरी ४०-५० पौंड ताण सोसणारी ब्रेड. फेक २०-२५ मीटरची. पानावर बेडूक पडतो, थांबतो, तुम्ही त्याला पानाच्या कडेवरून पाण्यात सरकवता आणि ‘गुडुप’ असा आवाज येऊन पाण्याला खड्डा पडतो. त्या क्षणी झटका न मारता दोन श्वास थांबायचं, आणि मग रॉड वर. आता माशाला पानांत घुसू द्यायचं नाही, सरळ ओढून आणायचं. इथे रिळाकडून लागतं काय? न पिळणारा सांगाडा, ताकदीचे पितळी गिअर आणि ७ च्या आसपासचं गिअर गुणोत्तर, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलचे साधारण ७ फेरे. ३४ मिलिमीटरच्या भरलेल्या स्पूलवर ७.३:१ चं रीळ एका फेऱ्याला साधारण ७८ सेंटिमीटर दोरी गोळा करतं, तेवढं पुरतं. हे सगळं १० हजारांत मिळतं. पाण्यावर लाल पिल्लांचा पुंजका दिसला तर तिथे मात्र फेकू नका, खाली आईबाप राखण करत असतात.

आणि खाडीत, जिताड्यासाठी?

रायगडचा जिताडा, गोव्याचा चोणक, मासा तोच. तो कांदळवनाच्या मुळांना लागून बसतो आणि लूअर मुळाच्या वीतभर अंतरावर पडला तर घेतो, हातभर लांब पडला तर बघतही नाही. बेटकास्टरचं खरं सुख इथे आहे, कारण अंगठ्याने लूअर हव्या त्या जागी थांबवता येतो. जिताडा लागला की उसळी मारून डोकं झटकतो, त्याच्या गालफडाची कड धारदार असते. खाडीतलाच दुसरा मासा, तांबोशी, उसळत नाही, थेट मुळांत घुसते. दोघांसाठीही ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी ठरावीक जोराने सुटू देणारा ब्रेक, अडखळता कामा नये. स्वस्त रिळाचा ड्रॅग आधी चिकटतो आणि मग एकदम सुटतो, दोरी त्याच क्षणी तुटते. म्हणून खाडीसाठी मधल्या फळीतलं, कार्बनच्या चकत्यांचा ड्रॅग असलेलं रीळ घ्या. वरच्या फळीतलं घेतलंत तर हात दुखत नाही आणि नेमकेपणा थोडा वाढतो, पण त्याने मासे दुप्पट लागत नाहीत.

महाग रीळ डोळे मिटून घ्यावं असं मला एकाच ठिकाणी वाटतं. सह्याद्रीतल्या ओढ्यांवर ३-४ ग्रॅमचे स्पिनर (फिरत्या पात्याचे लूअर) फेकताना. तिथे स्वस्त बेटकास्टर नुसते गुंते देतं आणि चांगलं बीएफएस रीळ काठीचाच भाग होऊन जातं.

खाऱ्या पाण्यात महाग रीळ जास्त टिकतं ना?

उलटही होऊ शकतं, आणि हे मी स्वतः भोगलंय. माझं पहिलं महाग रीळ मॅग्नेशियमच्या सांगाड्याचं होतं. रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी दोन दिवस वापरलं, रविवारी रात्री दमून घरी आलो आणि ते ओल्या पिशवीतच राहिलं. गुरुवारी काढलं तेव्हा रॉडला बसणाऱ्या पायाजवळ रंगाखाली तांदळाच्या कणीएवढे फुगे आले होते. नखाने टोकरलं तर आत पांढरी भुकटी. मॅग्नेशियमवर लेप असतो तोवर ते सुरक्षित, पण लेपाला ओरखडा गेला की मिठाचं पाणी त्याला खातं. साइड प्लेट (रिळाचं बाजूचं झाकण) बदलायची ठरवली, तर सुटा भाग यायला चार महिने लागले आणि त्या पैशांत एक साधं रीळ आलं असतं. तेव्हापासून खाडीला मी अ‍ॅल्युमिनियमचंच रीळ नेतो. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी राखून ठेवतो.

हिशेब करून दाखवाल का?

१२ हजारांचं आणि ४२ हजारांचं, फरक ३० हजारांचा. रीळ ८ वर्षं टिकलं आणि वर्षाला ४० वेळा गेलात, तर ३२० फेऱ्या. प्रत्येक फेरीला साधारण ९४ रुपये जास्त. पुण्याहून अलिबागला जाण्याच्या खर्चापुढे हे काहीच नाही, घ्या खुशाल. पण वर्षाला १० वेळाच गेलात तर ८० फेऱ्या आणि फेरीला ३७५ रुपये. त्याच ३० हजारांत चांगला रॉड, दोन वर्षांची दोरी, डझनभर लूअर आणि तीन-चार वेळा होडी होते. होडीने जास्त मासे लागतील, हे मी खात्रीने सांगतो.

मला मुळात बेटकास्टर हवं का?

किनाऱ्यावरून किंवा खडपावरून वाऱ्यात गरवत असाल, हलकी लूअर लांब फेकायची असतील, तर चांगलं स्पिनिंग रीळ घ्या, सुखी राहाल. अडचणीच्या जागी, जाड दोरीने, नेमकं फेकायचं असेल तर बेटकास्टर.

भाऊ अमेरिकेतून येतोय. त्याच्याकडून मागवू?

मागवा, पण आधी तीन गोष्टी बघा. हँडल कुठल्या बाजूचं हवं ते लिहून पाठवा. बेटकास्टरचं हँडल स्पिनिंगसारखं काढून दुसऱ्या बाजूला लावता येत नाही. दुकानदाराने घाईत उजवं दिलं आणि तुम्ही डाव्या हाताने फिरवणारे असाल, तर ते कपाटातच राहील. दुसरं, तिकडची वॉरंटी इथे चालेल असं गृहीत धरू नका, लेखी विचारा. तिसरं, खोक्यातला सुट्या भागांचा कागद जपून ठेवा, पुढे भाग मागवताना त्यावरचा क्रमांकच लागतो. जपानहून मागवलंत तरी हेच, वर आयात शुल्क धरूनच किमतीची तुलना करा.

दुकानात पारखायचं कसं?

स्पूल टिचकी मारून किती वेळ फिरतं हे बघण्यात सगळे रमतात, त्यातून फारसं कळत नाही. त्यापेक्षा हँडल धरून आतबाहेर हलवा, खुळखुळ नको. हळूहळू फिरवा, अगदी हळू, कारण खरखर सावकाश फिरवतानाच कळते. साइड प्लेट अंगठ्याने दाबा, ती दबली नाही पाहिजे. ड्रॅग अर्धवट घट्ट करून दोरी हाताने सावकाश ओढायला सांगा. ती एकसारखी सुटली पाहिजे, धक्के देत नाही. आणि शेवटी रीळ रॉडवर लावून तळहातात धरा. तुमचा अंगठा न ताणता स्पूलवर पोहोचतो का? पोहोचत नसेल तर कितीही नावाजलेलं असो, ते तुमच्यासाठी नाही.

वापरलेलं महाग रीळ घ्यावं का?

घ्यावं, गोड्या पाण्यात वापरलेलं असेल तर नक्कीच. हौसेने घेतलेली आणि गुंत्यांना कंटाळून विकायला काढलेली बरीच रिळं जवळपास नवीच असतात. पायाजवळचे, स्क्रूभोवतीचे फुगे आणि पांढरी भुकटी तेवढी भिंग लावून तपासा. डीसी असेल तर समोर फेकून दाखवायला सांगा, आवाज आला पाहिजे.

घेतल्यावर निगा कशी राखू?

घरी आल्यावर, जेवायच्या आधी. ड्रॅग घट्ट करा म्हणजे पाणी आत जाणार नाही. नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराचा फवारा मारू नका आणि बादलीत बुडवून तर अजिबात ठेवू नका. धारेमुळे मीठ बाहेर निघतं, फवाऱ्याने ते आत घुसतं. सुती फडक्याने पुसून सावलीत वाळू द्या. चार-पाच फेऱ्यांनंतर स्पूलच्या बेअरिंगवर तेलाचा एकच थेंब, गिअरवर वर्षातून एकदा ग्रीस. दाइवाच्या मॅगसील्ड (चुंबकी तेलाने सील केलेल्या) बेअरिंगला तेल लावायचं नसतं, तुमच्या रिळात ती आहेत का ते आधी बघा. गंज सोडवायला मिळणारे फवारे तेलाची जागा घेत नाहीत. आणि कपाटात ठेवताना ड्रॅग पुन्हा सैल करा, नाहीतर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग नेमका जिताड्याच्या पहिल्या उसळीला अडखळतो.